खांद्यावरचा खडू

सर, गेल्या आठवड्यात मी तुमच्या खुर्चीत बसले. आधी विचारायला हवं होतं, पण विचारणार कुणाला? तुम्ही असतात तर चष्म्यावरून बघून म्हणाला असतात, "खुर्ची महापालिकेची आहे, बस की." तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि आता या वयात तुमच्याशी पुन्हा वाद घालायची वेळ येईल असं मला वाटलं नव्हतं. पण शाळेत जे चाललंय ते ज्यानं सुरू केलं त्यालाच सांगायला हवं. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर तो एक तर हात जोडेल, नाहीतर म्हणेल, मॅडम, जरा रजा घ्या, फार दगदग होते तुमची.

तुमच्या मागे काय काय बदललं ते आधी सांगते. मी आता आपल्याच शाळेची मुख्याध्यापिका आहे. हो, मीच, जिला तुम्ही विज्ञानाच्या तासाला "तोंड आवर, डोळे वापर" म्हणायचात. इमारत तीच, द्वारका चौकाच्या मागची. एका अंगाला मराठी शाळा, दुसऱ्या अंगाला उर्दू, मधलं मैदान दोघांचं. बाहेर सिंहस्थासाठी रस्ते खणून ठेवलेत, त्यामुळे सकाळपासून हॉर्नचा नुसता कल्ला असतो. वर्गांत पांढरे फळे आले, दोन वर्गांत स्क्रीन लागले. खडू शाळेतून गेला. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. मराठी अंगाला मळेवाल्यांची मुलं येतात. आयाबाया द्वारकेला फुलं-भाजी घेऊन बसतात आणि जाता जाता पोरं शाळेत सोडतात. उर्दू अंगाला जवळच्या मोहल्ल्यातल्या शिंप्यांची, गॅरेजवाल्यांची मुलं. तुमच्या वेळी होती तशीच सगळी, आता कुणाकुणाची नातवंडंसुद्धा आहेत.

आणि तुमचं मौन अजून चालू आहे. ते सुरू झालं तो दिवस माझ्या डोळ्यांसमोर लख्ख आहे. मी सहावीत. गावात काहीतरी झालंय, मोठी माणसं कोपऱ्यात उभी राहून हळू बोलताहेत, दुकानांची शटरं अर्धी खाली. तोवर आपल्याकडे अशी पद्धत होती की आधी मराठीची प्रार्थना व्हायची, तेव्हा उर्दूची मुलं व्हरांड्यात थांबायची. मग त्यांची दुआ व्हायची, तेव्हा आम्ही थांबायचो. कुणाला त्यात काही खटकत नव्हतं. त्या दिवशी मात्र फाटकात दोन्हीकडचे पालक जमलेत. एकजण म्हणतोय आमच्यांना थांबायला का लावता, दुसरा म्हणतोय आमच्यांना माइक का देत नाही. तुम्ही वर्गातून तसेच बाहेर येता, हातात डस्टर, बाही कोपरापर्यंत पांढरी. "उद्यापासून प्रार्थना नाही," तुम्ही म्हणता. "राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, आणि मग सगळे गप्प. एकत्र उभे राहून गप्प. ज्याचा जो आहे त्याच्याशी त्यानं मनात बोलावं. ज्याचा कुणी नाही त्यानं नुसतं उभं राहावं. ती जागा रिकामी ठेवायची, कुणी भरायची नाही." गर्दीतून एकजण ओरडतो, "म्हणजे शाळेत देवच नको काय तुम्हाला?" तुम्ही त्याच्याकडे शांतपणे बघता. "देवाला मी अडवलेलं नाही," तुम्ही म्हणता, "मी फक्त माइक बंद केलाय."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही डोळे मिटून उभे राहायला लागलो. तुम्ही रांगांमधून फिरायचात. तुमच्या चपलेचा तळ कुठेतरी सुटलेला होता, पाऊल उचललं की तो चटक् असा वाजायचा, आणि त्या आवाजावरून तुम्ही कुठे आहात ते आम्हाला बिनचूक कळायचं. ज्यानं डोळे उघडले असतील त्याच्या खांद्यावर तुम्ही दोन बोटं टेकवायचात. मारणं नाही, रागावणं नाही. घरी गेल्यावर आई विचारायची, गणवेशाला हे पांढरं काय लागलं, आणि मग आम्ही पकडले जायचो. मौन संपवताना तुम्ही घसा साफ केल्यासारखं "हं" म्हणायचात. एकदा मला तुम्ही सलग तीन दिवस पकडलंत. चौथ्या दिवशी व्हरांड्यात बोलावलंत. मी म्हटलं, सर, तुम्हीच सांगता डोळे उघडे ठेवा, नीट बघा, मग विश्वास ठेवा, आणि रोज सकाळी तुम्हीच डोळे मिटायला लावता. मला वाटलं आता कानाखाली बसणार. तुम्ही चष्मा पुसलात आणि म्हणालात, "सगळे डोळे मिटतात तेव्हा एकानं उघडे ठेवायचे असतात. ते काम सध्या माझं आहे. तुला करायचंय? मग मोठी हो." हे बोलणं मी जन्मभर उराशी धरून बसले. बाकीच्या मुली डॉक्टर, कलेक्टर व्हायचं म्हणायच्या, मला ते व्हायचं होतं.

नोकरी लागली तेव्हा पेढे घेऊन तुमच्या घरी आले होते. तुम्ही निवृत्त झाला होतात, पायजम्यावर स्वयंपाकघरात उभे राहून चहा करत होतात. ओट्याच्या वर काकूंचे देव, त्यांच्यापुढे ताजी जास्वंद. मी बघतेय हे तुमच्या लक्षात आलं. "फुलं मीच तोडून आणतो," तुम्ही म्हणालात, "तिचे गुडघे दुखतात. नमस्कार तिचा ती करते." काकू आतून म्हणाल्या, "नमस्कार करायला यांचे कुठे गुडघे दुखतात कुणास ठाऊक!" तुम्ही इतके हसलात की चहा उतू गेला. निघताना माझ्या हातात खडूची एक पेटी दिलीत. "माझ्या पैशाची आहे, महापालिकेची नाही, तेव्हा घाबरू नकोस." ती मी कधीच वापरली नाही. वापरून संपवायचं जिवावर आलं. अजून माझ्या कपाटात आहे, कुलुपात.

तुम्ही गेलात तेव्हा विधी नकोत म्हणून सांगून ठेवलं होतंत ना? तुमच्या मुलानं रामकुंडावर सगळं यथासांग केलं. काकूंना ते हवं होतं. मी पायऱ्यांवर उभी राहून बघत होते आणि मला तुमच्या वतीनं राग येत होता, आणि बरंही वाटत होतं. दोन्ही एकदमच. असो.

आता खुर्चीचं ऐका. मौन झाल्यावर तुम्ही व्हरांड्यात ज्या लाकडी खुर्चीत बसून उशिरा येणाऱ्यांची हजेरी घ्यायचात ती खुर्ची. तुम्ही निवृत्त झालात त्याच सुमारास तिच्या मागच्या पायाला वाळवी लागली, तो पाय आखूड झाला, खुर्ची डगडगायला लागली. मी तेव्हा इथेच नवी शिक्षिका. आपल्या शिपाई मावशी पोरांना ओरडायच्या, "सरांच्या खुर्चीत बसायचं नाय रे कुनी! पडशाल, मंग मला बोल लागंल." बस, एवढंच होतं ते. पुढे मावशी गेल्या, "पडशाल" विसरलं गेलं, आणि "सरांच्या खुर्चीत बसायचं नाय" तेवढं राहिलं. मुलांच्या पिढ्या बदलत गेल्या तशी ती गोष्ट जड होत गेली. आधी कुणी बसायचं नाही. मग तिला पाय लावायचा नाही. मग परीक्षेला जाताना पाठीला हात लावून जायचं. मग मळेवाल्यांच्या पोरींनी पहाटे तोडलेल्या फुलांतलं पहिलं फूल आणून तिच्यावर ठेवायला सुरुवात केली, आणि उर्दूच्या मुलांनी तिच्या हाताला दोरे बांधायला. मधे माझ्या बदल्या झाल्या, आणि मी मुख्याध्यापिका होऊन या शाळेत परत आले तेव्हा खुर्चीच्या एकाच हाताला लाल आणि हिरवे दोरे गुंडाळलेले होते. ज्या नवसा-गंड्यांचं नाव घेतलं तर तुम्ही वर्गाबाहेर काढायचात तेच सगळं, तुमच्याच खुर्चीला. मला आधी हसू आलं आणि मग भयंकर राग आला. दोरे मी कात्रीनं कापून टाकले. आठवड्यात पुन्हा आले.

मुलं म्हणतात, मौनात सर फिरतात. कसे दिसतात विचारलं तर म्हणतात, दिसणार कसे, डोळे मिटलेले असतात ना. यावर काय बोलणार? डोळे उघडले की ते नसतात, मिटले की असतात. विज्ञानाच्या शिक्षकाचं भूत असं पळवाट शोधून वागेल हे मला पटत नव्हतं, आणि मी ते हसण्यावारी नेलं. मग एक दिवस असं झालं. मी पायरीवर उभी होते, मौन चालू होतं, आणि मला एका वरिष्ठांचा फोन घ्यायचा होता म्हणून माझं लक्ष हातातल्या फोनकडे होतं. मान वर केली तर सगळ्या मैदानानं डोळे उघडले होते. एकदम, सगळ्यांनी, पहिलीपासून आठवीपर्यंत. मी अजून "हं" म्हटलंच नव्हतं. मुलं नेहमीसारखी वळून रांगेनं वर्गात जायला लागली. मी सातवीच्या एका मुलीला थांबवलं, द्वारकेला बसणाऱ्या एका फुलवाल्या बाईंची मुलगी, हुशार आणि बडबडी. तिला म्हटलं, "अगं, मी कुठे संपवलं होतं?" ती माझ्याकडे अशी बघायला लागली जणू मलाच काहीतरी झालंय. "हं म्हटलं ना मॅडम," ती म्हणाली. मी मनाची समजूत घातली की रोजची सवय आहे, किती वेळ उभं राहायचं हे अंगात भिनलंय. तुम्हीही हेच सांगितलं असतंत.

त्यानंतर खांद्यांवर खूण दिसायला लागली. रोज नाही. कधीतरी एखाद्या मुलाच्या गणवेशावर, डाव्या खांद्यावर, दोन बोटांची पांढरी खूण. विचारलं की ते मूल खाली मान घालून कबूल करायचं, मॅडम, मी डोळे उघडले होते. मी तुम्ही शिकवलंत तसं एकेक तपासत गेले. भिंतीचा चुना असेल म्हणून काळं कापड घेऊन सगळे खांब पुसले. खांबांना ऑइलपेंट आहे, कापड काळंच राहिलं. मुलांची दप्तरं पाहिली. रांगोळी असेल म्हटलं, ती बोटावर खरखरीत लागते, ही मऊ होती. शेवटी माझं कपाट उघडलं, तुमची पेटी काढली. खडू सगळे जागेवर होते. त्यातला एक अर्धा झिजलेला होता. तुम्ही दिलात तेव्हाच तो तसा होता की नाही, हे मला कितीही डोकं खाजवलं तरी आठवेना. पेटी परत ठेवली आणि दुसऱ्या दिवसापासून, सर, मौनात मीही डोळे मिटायला लागले. काम माझं होतं आणि मी ते सोडलं. उर्दू विभागाच्या मुख्याध्यापिका, आम्ही सगळे त्यांना आपा म्हणतो, त्यांना मी एकदा विचारलं, तुम्ही कधी डोळे उघडे ठेवून पाहिलंय का? त्या डबा खात होत्या. घास खाली ठेवून म्हणाल्या, "मॅडम, मी याच शाळेत शिकले. कधीच नाही उघडले. हिंमतच नाही झाली." आणि मग जरा थांबून, "पण बच्चे डरत नाहीत, हे बघा तुम्ही. डरत असते ना, तर मीच बंद करवलं असतं."

गोष्ट शाळेबाहेर जायला कितीसा वेळ लागतो! आमच्या वॉर्डातले एक कार्यकर्ते आहेत, त्यांना सगळे भाऊ म्हणतात, तेही आपल्याच शाळेत शिकलेले. मनानं वाईट नाहीत. कुणाला हॉस्पिटलात न्यायचं असलं तर त्यांची गाडी पहिली येते. ते माझ्याकडे आले. "मॅडम, आपण मोठं काय मागतोय? सरांचा एक फोटो, समोर समई, वर पत्र्याची छान शेड. गुरुवारी सकाळी आरती, पाच मिनिटांत उरकतो. खर्च सगळा माझा." मी म्हटलं, सरांना हे आवडलं नसतं. ते म्हणाले, "मोठ्या माणसांना कुठलं आवडतं? आपणच करायचं असतं." आजूबाजूला पाहिलं तर त्यांचंही काय चुकलं होतं? आमच्या विभागीय कार्यालयात सत्यनारायण होतो, पोलीस चौकीच्या आवारात देऊळ आहे, बसच्या काचेवर देव आहेत, रिक्षाच्या काचेवर कुराणातल्या ओळी आहेत. सगळीकडे कुणीतरी बसलेलंच आहे. एक आपलं मैदानच रिकामं होतं. संध्याकाळी आपा आल्या. त्या कधी आवाज चढवत नाहीत. म्हणाल्या, "मॅडम, मौनात आमची मुलं उभी राहतात. फुलं ठेवतात, दोरे बांधतात, घरी माहीत आहे, लोक डोळेझाक करतात. आरती सुरू झाली ना, तर दुसऱ्या दिवशी एकही उभं राहणार नाही. मग मला मागच्या अंगणात वेगळी असेंब्ली घ्यावी लागेल. मधे भिंतही घालतील." त्या भिंतीचं त्यांनी इतकं सहज सांगितलं की मला ती दिसायलाच लागली. इतकी वर्षं या मैदानात दिवसातून एकदा सगळी मुलं एकत्र गप्प उभी राहिली होती. शहरात दुसरीकडे कुठे हे होत असेल असं मला वाटत नाही. ते आता माझ्या हातून जाणार होतं, आणि जाणार होतं तुमच्या भक्तीपायी.

शाळा व्यवस्थापन समितीची सभा व्हरांड्यातच घेतली, कारण हॉल आपल्याला तेव्हाही नव्हता आणि आताही नाही. दुपारची वेळ, आभाळ भरून आलेलं. भाऊ होते, आपा होत्या, त्या फुलवाल्या बाई होत्या, मोहल्ल्यातले काही वडील होते. कुणी म्हणालं मौनच बंद करा आणि नीट प्रार्थना आणा, कुणी म्हणालं खुर्ची उचलून भांडारात टाका. फुलवाल्या बाई एकदम उठल्या. "खुर्चीला हात नगा लावू कुनी. माझी पोर लय आजारी व्हती, डाक्टर नाय म्हनत व्हता. मी हितं फूल वाह्यलं. तुमी मानू नका, मला मानू द्या." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला वाटलं आता खरं सांगून टाकावं. मी सांगितलं. वाळवी, आखूड पाय, मावशींचं ओरडणं, सगळं. म्हटलं, अहो, ही खुर्ची पवित्र वगैरे काही नाही, ती मोडकी आहे, पोरं पडतील म्हणून बसू देत नव्हते. हे बघा, डगडगते. आणि मी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून जोरात दाबलं.

खुर्ची हलली नाही. मी दुसऱ्या बाजूनं दाबलं. मग फुलं बाजूला ठेवली आणि सगळ्यांसमोर ती उलटी केली. चारही पाय सारखे होते. वाळवीची भोकं होती, म्हणजे खुर्ची तीच होती. मी म्हटलं, बाकीचे तीन पाय झिजून त्याच्याएवढे झाले असतील. मला अजूनही वाटतं की त्यात अशक्य काही नाही. भाऊ खाली वाकून बघत होते. ते सरळ झाले आणि फार हळू आवाजात म्हणाले, "कुणी बसत नाही म्हणता ना मॅडम? मग झिजले कसे?"

मोहल्ल्यातल्या एका वडिलांनी डोक्यावरची टोपी नीट केली. फुलवाल्या बाईंनी हात जोडले. मी खुर्ची सरळ करून ठेवली, आणि ती फरशीवर टेकताना जरासुद्धा आवाज झाला नाही, हे सगळ्यांच्या लक्षात आलं. तेवढ्यात आपा म्हणाल्या, "मॅडम, खुर्ची आहे ना नुसती? मग बसा ना तुम्ही." टोमणा नव्हता त्यात. त्या मला वाट करून देत होत्या, आणि मला ते कळलं. खोटं कशाला सांगू, माझ्या मनात आलं की काहीतरी होईल. मी दोरे बाजूला केले आणि बसले. बैठक कोमट लागली. व्हरांड्यात दुपारचं ऊन येतं, हे मला माहीत आहे. त्या दिवशी ऊन नव्हतं, हेही माहीत आहे. मी हात खुर्चीच्या हातांवर ठेवले आणि माझ्या तोंडून तुमच्यासारखाच करडा आवाज निघाला. "उद्यापासून मी रोज इथे बसणार. फुलं नाहीत, दोरे नाहीत, शेड नाही. मौन आहे तसं राहील. आणि भाऊ, आरती करायचीच असेल तर ती माझी करावी लागेल. चालेल?" आधी आपा हसल्या, मग सगळेच हसले, भाऊसुद्धा. फुलवाल्या बाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या मला अशा निरखून बघत होत्या की मी मान फिरवली. सभा संपली. मला वाटलं, जिंकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर जाऊन खुर्चीत बसले. मुलं यायला लागली. पहिला मुलगा आला, थांबला, आणि माझ्या पाया पडला. मग दुसरी. उर्दूची मुलं जाताना हात उचलून सलाम करायला लागली, तीही थांबून, खाली बघत. मी ओरडले, अरे काय चाललंय, वर्गात जा. त्यांनी ते ऐकलं, आणि जी मुलं आधी हसत-खिदळत यायची ती चवड्यांवर चालत गेली. ती सातवीतली मुलगी आली आणि तिनं एक झेंडू माझ्या पायापाशी ठेवला. "आई म्हणाली, सरांनी जागा दिली तुम्हाला," ती म्हणाली. तुम्ही जी जागा रिकामी ठेवा म्हणालात ती मुलांनी तुम्हाला दिली, आणि आता मला देत होती. दोष त्यांचा नाही. मला वाटतं इतकी मुलं रोज डोळे मिटून एका ठिकाणी उभी राहिली की कुणीतरी येतंच. तुम्ही माइक बंद केलात ते बरोबरच होतं, सर. पण मुलं तेव्हापासून ऐकायचा प्रयत्न करत होती, याचा विचार आपण केला नाही.

राष्ट्रगीत झालं, प्रतिज्ञा झाली, मुलांनी डोळे मिटले. मी उठले. ठरवलं होतं की आज डोळे उघडे ठेवून फिरायचं, ते माझं काम आहे. पायात कापडी बूट होते, त्यांचा आवाज होत नाही. पहिलीच्या रांगेपासून चालायला लागले. द्वारकेचे हॉर्न ऐकू येत नव्हते. वाहतूक अडकली असेल. मी इतक्या वर्षांत मिटलेल्या डोळ्यांचे चेहरे असे पाहिलेच नव्हते. कुणाचे ओठ हलत होते, कुणी नुसतं उभं होतं, एक पोरगी झोपेत हसावं तशी हसत होती. आणि सगळ्यांच्या पापण्या स्थिर. मी तिसरीच्या रांगेत पोहोचले आणि सहज मागे पाहिलं. ज्या रांगेतून मी आधीच पुढे आले होते त्या रांगेत पापण्या हलत होत्या. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, एकामागून एक, जवळून कुणी चालत गेलं की हलतात तशा. मी पुढच्या रांगेत गेले, तशा मागच्या रांगेतल्या हलायला लागल्या. रांगेत मुलांशिवाय कुणीही नव्हतं. मी नीट बघितलं, तुम्ही शिकवलंत तसं, पुन्हा पुन्हा बघितलं. कुणीही नव्हतं. मग मी थांबले, पुढच्या रांगांकडे तोंड करून, डोळे उघडे ठेवून, आणि मागे वळले नाही. चटक् असा आवाज झाला. डाव्या खांद्यावर अगदी हलकं काहीतरी टेकलं.

"हं" मीच म्हटलं. निदान आवाज माझा होता.

ऑफिसात आले तर आपा मागोमाग आल्या आणि त्यांनी दार लोटून घेतलं. माझ्या खांद्याकडे बघत होत्या. झटकायला म्हणून त्यांनी हात उचलला आणि तो तसाच खाली घेतला. "का उघडले डोळे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कुणीतरी उघडे ठेवायलाच हवेत, ते काम आहे माझं. त्यांना ते पटलं. मुलं आता एकत्रच उभी राहताहेत, भिंतीचं कुणी बोलत नाही, भाऊंनी शेडचे पत्रे परत पाठवले. मी पायाजवळची फुलं उचलून टेबलावरच्या पेल्यात ठेवते आणि पाया पडणाऱ्यांना ओरडते. ओरडून काही होत नाही.

आज रविवार आहे. मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून हे लिहितेय. क्षणभर वाटलं, हे उद्या तुमच्या खुर्चीवर ठेवावं, पण मग त्यात आणि फूल वाहण्यात काय फरक राहिला? तेव्हा हे माझ्याजवळच राहील, तुमच्या पेटीखाली. एवढंच सांगायचं राहिलंय की आपांना मी दिलेलं उत्तर खरं नव्हतं. काम वगैरे त्या वेळी माझ्या डोक्यातही नव्हतं. मुलांना कशानं खूण होते ते मला माहीत होतं, आणि इतक्या वर्षांत माझ्या खांद्यावर कुणी हात ठेवलेला नव्हता, म्हणून मी थांबले आणि डोळे उघडे ठेवले. त्या दिवशीची ती साडी समोर दोरीवर टाकलीय. अजून धुतलेली नाही.